फोटोला कुठला शर्ट घालू?

या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागांतून आलेल्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या शब्दांत आला आहे. कामधंद्यासाठी आपली ओळख म्हणून वापरायचा फोटो काढून घ्यायचाय, तर अंगावर काय घालायचं? पुरुषांना हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून बऱ्याच जणांनी ते पत्राच्या शेवटी, जाता जाता विचारलं आहे. संकोचाचं काही कारण नाही. दुकानाची पायरी चढण्याआधी गिऱ्हाईक मोबाइलवर तुमचा फोटो बघतं. पोर्ट्रेट काढणारे फोटोग्राफर आणि पुरुषांचे कपडे शिवणारे टेलर यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : उद्यमबागेत माझी छोटी फौंड्री आणि मशीन शॉप आहे. परदेशी गिऱ्हाइकांना पाठवायचा कॅटलॉग, वेबसाइट आणि लिंक्डइन यासाठी फोटो हवेत. फोटोग्राफर चार-पाच ड्रेस आणा म्हणतो. खरंच इतके लागतात का? आणि त्यासाठी सूट शिवावा का?
– कारखानदार, वय ४६, बेळगाव

तीन पुरेत. ड्रेस बदलून, केस-कॉलर सारखी करून पुन्हा उभं राहायला पंधरा मिनिटं सहज जातात. दोन तासांच्या कामात पाच ड्रेस म्हटलं तर तासभर बदलण्यातच संपतो, आणि शेवटच्या ड्रेसपर्यंत चेहरा उतरलेला असतो.

आधी फोटो कुठे लागणार ते कागदावर लिहा. लिंक्डइन आणि व्हॉट्सअॅप दोन्हीकडे फोटो गोल कापला जातो. चौकोनातून गोल काढला की चारी कोपरे मिळून सुमारे पाचवा भाग जातो, आणि त्या कोपऱ्यांत तुमचे खांदे असतात. चेहऱ्याखाली उरतं ते हनुवटीपासून शर्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणापर्यंत. मोबाइलच्या यादीत तर तो फोटो अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. म्हणजे या फोटोत पँट, बेल्ट, बूट यांचा काही संबंध नाही. सगळा भार कॉलरवर. कॅटलॉगमध्ये मात्र गुडघ्यापर्यंतचा किंवा पूर्ण उभा फोटो जातो. तिथे बाहीची लांबी, पँटची पडण आणि बूटसुद्धा दिसतात.

तुमच्यासाठी आम्ही असे तीन सुचवू. पहिला, गडद निळा ब्लेझर आणि फिकट निळा किंवा हस्तिदंती रंगाचा साधा शर्ट. टायचे आणि बिनटायचे, दोन्ही फोटो काढून ठेवा. टाय नसेल तेव्हा वरचं एकच बटण उघडं ठेवा, दोन नाही. दुसरा, रोज ऑफिसात घालता तसाच फुल बाह्यांचा शर्ट आणि पँट, फक्त नवीनसा आणि मापात बसणारा. बाह्या दुमडायच्या असतील तर कफच्या रुंदीच्या दोन घड्या घालून कोपराच्या खाली थांबा. तिसरा, शॉपवरचा.

हा तिसरा फोटोच तुमच्या गिऱ्हाइकाला सगळ्यांत जास्त सांगेल, आणि चुकाही त्यातच जास्त होतात. चालू लेथजवळ टाय, सैल बाही, अंगठी, कडं अजिबात नको; फिरणाऱ्या चकने ते ओढलं तर हात जातो. ओतकामाजवळ टेरिकॉट किंवा पॉलिएस्टर नको, कारण ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. तिथे सुती कपडे. परदेशी खरेदीदार फोटोत आधी सुरक्षेची साधनं बघतात, आणि मालकच बिनगॉगलचा ग्राइंडरजवळ उभा दिसला तर बाकीचा कॅटलॉग वाचायची त्यांना गरज राहत नाही. नवा कोरा बॉयलर सूट पाकिटाच्या घड्यांसकट घालू नका. दोनदा धुऊन, इस्त्री करून घाला. हेल्मेट सरळ बसवायचं. डोळे दिसावेत म्हणून लोक ते मागे ढकलतात, तसं करू नका. त्याच्या कडेची सावली डोळ्यांवर पडते, ती काढायला फोटोग्राफरने लाइट खाली घ्यावा किंवा छातीच्या खाली पांढरा रिफ्लेक्टर धरावा.

एक गोष्ट फोटोग्राफरला आधीच सांगा. चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घालणार असाल तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरू नये. त्या पट्ट्या प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात, त्यामुळे फ्लॅश लेन्सजवळ असेल तर पट्ट्या पांढऱ्याफटक पेटतात आणि त्यांच्यापुढे चेहरा काळा पडतो. लाइट स्टँडवर, कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर बाजूला ठेवला की हा त्रास जातो.

आता सूट. नुसत्या फोटोसाठी पूर्ण सूट शिवू नका, ब्लेझर शिवा. तो पुढे प्रदर्शनांना, बँकेत, कुठेही चालतो. ५८ इंच पन्ह्याचं कापड ब्लेझरला २ ते सव्वादोन मीटर लागतं, कोट-पँटला ३ ते सव्वातीन मीटर. अंगाने भारी असाल तर पाव मीटर जास्त धरा. कापड चकाकणारं नको. स्वस्त टी. आर. (पॉलिएस्टर-रेयॉन मिश्रणाच्या) कापडावर लाइट पडला की खांद्यावर आणि कोपरावर पांढरे डाग उठतात, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही. कापड दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन तिरकं धरून बघा. शिवायला दोन आठवडे द्या आणि दोन ट्रायल मागा. फोटोच्या आदल्या दिवशी ताबा घेतलेला कोट आणि अडचण एकदमच घरी येतात.

प्रश्न : बारीक चौकड्यांचा महागातला शर्ट घालून फोटो काढला. छापील फोटो बरा आला, पण मोबाइलवर शर्टावर इंद्रधनुष्यासारख्या लाटा दिसतात. कॅमेरा खराब की शर्ट?
– तंबाखूचे व्यापारी, निपाणी

दोन्ही चांगले आहेत, त्यांची जोडी जमली नाही. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणाऱ्या बारीक ठिपक्यांची जाळी असते. शर्टावरच्या रेघांचं अंतर त्या जाळीच्या अंतराच्या जवळपास आलं की दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्यासारखं होतं. दोन मच्छरदाण्यांची कापडं एकमेकांवर धरून हलवली की लाटा दिसतात ना, अगदी तेच. याला मोआरे म्हणतात. फोटो लहान करताना आणि मोबाइलच्या पडद्यावर दाखवताना तेच पुन्हा होऊ शकतं, म्हणून छापील फोटो बरा आणि मोबाइलवरचा बिघडलेला.

काढलेल्या फोटोतून हे पूर्ण घालवणं कठीण. रंग काढता येतात, लाटा राहतात. त्यामुळे बारीक रेघा, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या चौकड्या, माशाच्या काट्यासारख्या विणीचे कोट, बारीक टिपक्यांचे टाय हे फोटोच्या दिवशी कपाटातच राहू देत. चौकडा हवाच असेल तर एक चौकोन दोन सेंटिमीटरहून मोठा असलेला घ्या. घरी परीक्षा अशी करा. शर्ट हँगरला लावून दोन मीटरवरून मोबाइलने फोटो काढा, मग एक पाऊल पुढे येऊन, मग एक मागे जाऊन. तिन्ही फोटो आधी लहान, मग मोठे करून बघा. एकातही लाट दिसली तर तो शर्ट बाद.

ऐनवेळी दुसरा शर्ट नसेल तर फोटोग्राफरला अंतर बदलायला सांगा. पुढे-मागे सरकलं की रेघांचं माप बदलतं आणि बऱ्याचदा लाट नाहीशी होते. वर ब्लेझर चढवून शर्टाचा दिसणारा भाग कमी करणं हाही एक मार्ग.

प्रश्न : मी दहावी-बारावीचे क्लास घेतो. रंग सावळा आहे. मागच्या वेळी पांढरा शर्ट घातला तर फोटोत चेहरा काळवंडला. मग स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर इतका उजळ केला की विद्यार्थ्यांनी विचारलं, सर, हे कोण? मला कुठला रंग शोभेल?
– शिक्षक, खानापूर

चूक तुमच्या रंगाची नव्हती. कॅमेरा आपोआप प्रकाश मोजतो तेव्हा समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं धरतो. चौकटीत पांढराशुभ्र भाग मोठा असला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच गडद करतो. पांढरा शर्ट करडा होतो आणि त्याबरोबर चेहरा काळवंडतो. काळा कोट, काळी पार्श्वभूमी असली की उलटं होतं, चेहरा जास्त उजळतो. म्हणून फोटोग्राफरने प्रकाश शर्टावरून नाही, तुमच्या गालावरून मोजायला हवा. हे त्याला स्पष्ट सांगा. “चेहऱ्यावर एक्सपोजर घ्या, आणि ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स करा.” काम जाणणाऱ्याला एवढं वाक्य पुरतं.

पांढरा अगदीच वर्ज्य नाही. शुभ्र टिनोपाली पांढऱ्याऐवजी हस्तिदंती, साईच्या रंगाचा किंवा फिकट निळा घ्या. सावळ्या रंगावर खोल, भरलेले रंग फार सुरेख दिसतात. गडद निळा, बाटलीसारखा हिरवा, वाइनसारखा लाल, मोहरीचा पिवळा. हा आमचा अनुभव आहे आणि त्यावर आम्ही ठाम आहोत. टाळायचा तो आपल्या कातडीच्या जवळचा तपकिरी. त्यात मान कुठे संपली आणि शर्ट कुठे सुरू झाला तेच कळत नाही. गोऱ्या माणसाला हीच अडचण फिकट बदामी आणि गुलाबी रंगात येते.

भडक पोपटी आणि नारिंगी रंग कोणालाच नको. लाइट शर्टावरून उसळून हनुवटीखाली आणि गळ्यावर त्या रंगाची छटा टाकतो. पोपटी शर्टातला माणूस आजारी दिसतो तो यामुळे. बाहेर हिरवळीवर, झाडाखाली फोटो काढतानाही तेच होतं. खानापूरकडच्या घरांच्या जांभ्या दगडाच्या भिंती पार्श्वभूमीला छान दिसतात, पण तिथे मरून किंवा विटकरी घालू नका, भिंतीत विरघळाल. साईच्या रंगाचा किंवा गडद निळा घाला आणि भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर पुढे उभे राहा.

राहिली चमक. गडद रंगाच्या कातडीवर घामाची आणि तेलाची चमक लाइटमध्ये लवकर उठून दिसते. खिशात टिश्यू ठेवा, पुसायचं नाही, टिपायचं: कपाळ, नाकाचा शेंडा, वरचा ओठ. सकाळी तेल लावू नका, तेलकट क्रीमही नको. आणि स्टुडिओत पैसे देण्याआधी सांगून ठेवा की पुटकुळी काढा, पण रंग बदलायचा नाही. मुलांनी आणि पालकांनी क्लासच्या दारात तुम्हाला लगेच ओळखलं पाहिजे.

प्रश्न : विम्याचं काम करतो, टिळकवाडीत ऑफिस आहे. तीन वर्षांपूर्वीचा ब्लेझर पोटावर ताणतो. नवा घेऊ की आल्टर करू? आणि पोट दिसणार नाही असं काही करता येतं का?
– विमा सल्लागार, वय ५१, बेळगाव

आधी ब्लेझर तपासा. वरचं बटण लावून आरशासमोर उभे राहा. बटणापासून चारी बाजूंना फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कमरेत घट्ट. गळ्याची पट्टी छातीवर धनुष्यासारखी फुगली तरी तेच कारण. मागचा काप आपोआप उघडा पडत असेल तर सीटवर घट्ट. आता खांदा. भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. दंड भिंतीला लागण्याआधी खांद्याचं पॅड दबलं तर कोट खांद्यात मोठा. खांद्याच्या खाली बाहीवर खळगा पडत असला तरी खांदाच चुकला आहे.

कमरेत ताण असेल तर टेलरकडे न्या आणि आत माया (शिवणीतलं जास्तीचं कापड) किती सोडली आहे ते उसवून बघायला सांगा. चांगल्या शिलाईत बाजूच्या आणि मागच्या शिवणीत मिळून तीन-चार सेंटिमीटर तरी निघतात. बाहीची लांबी दोनेक सेंटिमीटर कमी-जास्त होते. खांदा मात्र आल्टर करू नका. बाह्या पूर्ण काढून पुन्हा बसवाव्या लागतात, खर्च नव्या कोटाच्या जवळ जातो आणि पडण परत येत नाही. खांदा बरोबर आणि माया पुरेशी असेल तर आल्टर. खांदा चुकलेला असेल तर तो ब्लेझर फोटोसाठी विसरा.

पोट लपवण्याच्या नादात लोक एक माप मोठं घेतात. मोठ्या कोटात पोट तेवढंच राहतं, वर खांदेही ढळतात. एकरंगी, गडद, दोन बटणांचा कोट घ्या. गळ्याची पट्टी आठ-नऊ सेंटिमीटर रुंद. काडीसारखी अरुंद पट्टी असली की छाती-पोट आणखी रुंद दिसतं. टाय जवळजवळ तेवढाच रुंद, आणि टोक बेल्टच्या बकलाला टेकेल इतका लांब. त्याहून वर राहिला की बाण पोटाकडे दाखवल्यासारखा होतो. पँट पोटाखाली नाही, बेंबीच्या जरा खाली बसू दे. बेल्टने ती सरकत असेल तर कोटाच्या आत गॅलिस (खांद्यावरून जाणारे पट्टे) लावा, कुणाला दिसत नाहीत.

उभं राहताना वरचं बटण लावा, खालचं कधीच नाही. बसल्यावर दोन्ही उघडा, आणि कोटाची मागची कड ओढून तिच्यावर बसा, म्हणजे कॉलर मानेवर चढत नाही. अंग कॅमेऱ्याला समोरासमोर न ठेवता साधारण तीस-चाळीस अंश वळवा, भार मागच्या पायावर, चेहरा मात्र लेन्सकडे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर किंवा किंचित वर हवा. टेबलावरून खालून काढलेला फोटो दुहेरी हनुवटी वाढवतो.

शेवटी शर्टाचा गळा. मानेचा घेर टेपने मोजा आणि त्यात दीड सेंटिमीटर मिळवा. तो कॉलरचा आकडा. कॉलर आणि मान यात दोन बोटं सहज जावीत. गेल्या वर्षात वजन वाढलं असेल तर जुन्या शर्टांचा गळा नक्की घट्ट झाला असेल. मानेवरची घडी कॉलरवर ओघळलेली पोटापेक्षा आधी नजरेत भरते.

प्रश्न : नुकतीच सनद मिळाली आहे. काळा कोट आणि पांढरे बँड लावून फोटो काढू का? बार असोसिएशनच्या डायरीसाठी आणि स्वतःच्या वेबसाइटसाठी हवा आहे.
– वकील, चिकोडी

बँड आणि गाऊन नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे ते कोर्टाबाहेर, सार्वजनिक ठिकाणी घालायचे नसतात. ठरावीक समारंभांचाच अपवाद आहे. वकिलांना जाहिरात करायलाही मनाई आहे. वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहितीच देता येते, त्यापलीकडे काही टाकण्याआधी वरिष्ठांना दाखवा.

फोटोसाठी गडद करडा किंवा गडद निळा सूट, फिकट शर्ट, एकरंगी टाय. काळा कोट आणि काळी पार्श्वभूमी एकत्र आली की नुसतं मुंडकं तरंगल्यासारखं दिसतं. पार्श्वभूमी मध्यम करडी मागा. डोक्यामागे कायद्याच्या पुस्तकांचं कपाट हवं असेल तर त्यापासून दोन मीटर पुढे या, नाहीतर पुस्तकांच्या कण्यांवरची नावं चेहऱ्याशी भांडतात.

प्रश्न : मी तबला शिकवतो. कोट-टाय मला शोभत नाही. कुर्त्यात फोटो चालेल का? खणाचं जाकीट कसं दिसेल?
– तबलाशिक्षक, शहापूर, बेळगाव

कुर्ताच घाला. तुम्ही वर्गात आणि मैफलीत ज्या वेषात भेटता त्याच वेषातला फोटो हवा.

पण कुर्त्याचा रंग तुमचं काम बघून ठरवा. हाताला पावडर लावून तबला वाजवता ना? गडद निळ्या किंवा काळ्या कुर्त्यावर तिचे पांढरे हात उमटतात, आणि ते मांडीवर नेमके दिसतात. साईचा रंग, फिकट करडा, मातकट पिवळा यावर ते कळत नाही. गडदच हवा असेल तर वाजवण्याचे फोटो सगळ्यांत शेवटी काढा.

कापड जरा जाड घ्या. तलम मलमल मागून लाइट आला की पारदर्शक होते आणि आतला बनियन दिसतो. सिल्क चकाकतं, खादी, हातमागाचं सुती किंवा मंद चमकीचं टसर बरं. उभ्या गळ्याच्या पट्टीला आतून नीट बकरम (कडक कापड) लावलेलं हवं, नाहीतर दहा मिनिटांत ती वाकते. मांडी घालून बसल्यावर कुर्ता पोटाशी गोळा होतो, म्हणून घेर नेहमीपेक्षा थोडा जास्त आणि लांबी गुडघ्यापर्यंत. बसलात की पुढची बाजू दोन्ही हातांनी एकदा खाली ओढून मांडीखाली सारखी करा; प्रत्येक चार-पाच फोटोंनंतर पुन्हा. कॅमेरा तुमच्या छातीच्या उंचीवर खाली यायला हवा. उभ्या माणसाच्या उंचीवरून काढलं तर नुसतं टाळू आणि तबल्याची शाई येते.

खणाचं जाकीट जरूर. गुळेदगुड्डचा खण या भागाचा आपला आहे आणि त्याचे रंग फोटोत भरून येतात. दोन गोष्टी सांभाळा. खणाचा पन्हा अरुंद असतो, तेव्हा पुढच्या दोन पाखांवरची बुट्टी समोरासमोर जुळेल इतकं कापड आहे का ते टेलरला कापण्याआधी विचारा. आणि बुट्टी फार बारीक असेल तर निपाणीच्या वाचकांना सांगितलेली मोबाइलची परीक्षा करून घ्या. जाकिटाखालचा कुर्ता पूर्ण साधा.

पायात कोल्हापुरी. त्या अथणी आणि निपाणीकडेही बनतात, जीआय (भौगोलिक) मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत, आपला बेळगाव त्यांतलाच. कोरी चप्पल फोटोच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. ती चावली की चेहऱ्यावर दिसतं. आठवडाभर आधी तेल लावून रोज तासभर वापरा.

प्रश्न : जांबोटीकडून एस. टी.ने बेळगावच्या स्टुडिओत यायचं आहे. पाऊस लागला आहे. इस्त्रीचे कपडे तिथपर्यंत तसे कसे राहतील?
– कृषी सल्लागार, खानापूर तालुका

अंगावर साधे कपडे घालून निघा. फोटोचे कपडे वेगळे. शर्टाची सगळी बटणं लावा, पालथा ठेवा, त्यावर वर्तमानपत्र नको (शाई लागते), साधा पांढरा कागद किंवा जुनी सुती चादर ठेवून गुंडाळी करा. गुंडाळीला घडीपेक्षा कमी रेघा पडतात. ती प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बॅगेत. ब्लेझर असेल तर उलटा करून, एक खांदा दुसऱ्या खांद्यात घालून, सैल ठेवा. बूट वेगळ्या पिशवीत, आत मोजे कोंबून.

लिनन या दिवसांत आणू नका. दमट हवेत त्यावर कोपरात आणि पोटावर घड्या पडतात आणि इस्त्री अर्धा तासही टिकत नाही. सुती-पॉलिएस्टर मिश्रण प्रवासाला बरं. पाऊण तास आधी पोहोचा, अंग कोरडं होऊ दे, मग कपडे बदला. ओल्या पाठीवर शर्ट चढवला की काखेत आणि पाठीवर गडद डाग पडतात, आणि फिकट निळ्या-करड्या शर्टावर ते सगळ्यांत जास्त दिसतात. स्टुडिओत इस्त्री किंवा स्टीमर आहे का हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. असेल तर कॉलर, बटणपट्टी आणि कफ एवढंच पुन्हा फिरवून घ्या.

बाहेर फोटो काढायचा विचार असेल तर ढगाळ उजेड चेहऱ्याला मऊ आणि चांगला असतो. मात्र बेळगावच्या कॅम्प भागात लष्करी हद्द आहे, तिथे विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या संरक्षित वास्तूत स्टँड लावायला परवानगी लागते.

छोटे प्रश्न

चष्म्यावर लाइट चमकतो. काढू का? रोज घालत असाल तर काढू नका. काचा अँटी-रिफ्लेक्शनच्या हव्यात. दांड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर वर उचला, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि चमक निघून जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर बाहेरच्या फोटोसाठी साधा चष्मा आणा.

केस कधी कापू? चार-पाच दिवस आधी. कालच कापलेल्या केसांत कानामागची फिकट कड दिसते. दाढी राखत असाल तर कडा आदल्या दिवशी. रोज घोटत असाल तर त्याच सकाळी, पण नवीन ब्लेडचा पहिला प्रयोग त्या दिवशी करू नका.

पांढऱ्या शर्टात बनियन दिसतो. पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियनच उठून दिसतो. फिकट करडा किंवा कातडीच्या रंगाचा, व्ही गळ्याचा, अर्ध्या बाह्यांचा घ्या.

गंध, रुद्राक्षमाळ, हातातला धागा काढावा का? रोज असतं ते असू दे. फक्त अर्धवट दिसू नये. माळ कॉलरच्या आत जात असेल तर पूर्ण आत, बाहेर असेल तर नीट बाहेर. मनगटावरचे जुने, विटलेले धागे मात्र त्या दिवसापुरते काढा किंवा नवा बांधा.

भाड्याचा ब्लेझर चालेल का? खांदा बसला तर चालेल. कमरेत सैल असेल तर पाठीच्या बाजूने दोन-तीन चिमटे लावून आवळा, समोरून कळत नाही. फक्त मग बाजूने किंवा वळून फोटो काढू नका. आधी आतली कॉलर बघा. तिथे मेकअपचा किंवा घामाचा पट्टा असेल तर तुमच्या फिकट शर्टाला तो लागणारच, म्हणून जास्तीचा एक शर्ट सोबत ठेवा. कोटावरची लव काढायला पार्सलची रुंद चिकटपट्टी उलटी बोटांना गुंडाळून वापरा, खांद्यापासून खाली, एकाच दिशेने.